जुनी आवृत्ती, सीलबंद डबा

साइटवरच्या ज्या विकणाऱ्याने मला फसवलं त्याचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. "तुमच्याकडे जुन्या चित्रांचं कार्कासोन असेल तर त्याला जुळणारं एक्स्पान्शन आता छापत नाहीत." कार्कासोन म्हणजे टाइल्स, म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, एकेक उचलून रस्ते आणि शहरं जोडत जायचा बोर्ड गेम, २००० सालचा. एक्स्पान्शन म्हणजे मूळ गेममध्ये मिसळायचा जादा भाग. २०१४ मध्ये त्याची चित्रं बदलली आणि तेव्हापासून जुन्या डब्याला शोभेल असं काही मिळणं मुश्किल झालं. आमचा डबा जुना. हे मी त्याला आधीच सांगून बसलो होतो, म्हणजे गळाला लावायचं आमिष मीच त्याच्या हातात दिलं.

एक्स्पान्शन होतं 'इन्स अँड कॅथेड्रल्स', २००२ मधलं. १८ टाइल्स, सहाव्या खेळाडूची प्यादी, आणि प्रत्येक रंगाचा एक मोठा मीपल (माणसाच्या आकाराचं लाकडी प्यादं), जो साध्या दोघांच्या बरोबरीचा धरतात. रस्त्याच्या कडेला खानावळ आली की रस्ता पूर्ण झाल्यास टाइलमागे एकाऐवजी दोन गुण, अपुरा राहिला तर भोपळा. शहरात कॅथेड्रल आलं की पूर्ण झाल्यावर टाइलमागे तीन गुण, नाहीतर तिथेही भोपळा. वाचूनच तोंडाला पाणी सुटतं.

खरं तर मी घ्यायचं की नाही याच विचारात होतो. घरी आम्ही बहुतेक वेळा दोघं किंवा तिघं खेळतो, सहावा माणूस कधी येत नाही. मूळ गेमचा कंटाळा आला होता का? नाही. एका मित्राकडे हेच एक्स्पान्शन नव्या चित्रांसकट होतं, चार दिवस मागून आणता आलं असतं. पण "शेवटचे दोन डबे, एकाचं बोलणं चालू आहे" असा निरोप आला आणि डोक्यातला प्रश्नच बदलला. 'हवंय का?' मागे पडलं, 'हातचं जाईल का?' एवढंच उरलं.

किंमत फार कमी नव्हती. फार कमी असती तर मीही सावध झालो असतो. नव्या डब्यापेक्षा जराशी कमी, इतकीच. फोटो मागितले तर सुंदर, स्वच्छ फोटो आले. आता बघतो तर ते जाहिरातीतले, कुणाच्या टेबलावर काढलेले नव्हेत. "सीलबंद आहे" म्हणाला, तेही खरंच होतं. प्लॅस्टिक गुंडाळून गरम हवा मारली की कुठलाही डबा सीलबंद होतो, हे तेव्हा सुचलं नाही. मग तो म्हणाला, साइटवरून पैसे दिले तर कमिशन जातं, थेट खात्यात टाका, तेवढे कमी करतो. टाकले. साइटवरून घेतलं असतं तर तक्रार करायला जागा होती. ती वाट मी आपल्या हाताने बंद केली.

डबा आला. उघडला तसा रंगाचा उग्र वास. नियमपुस्तिकेतली अक्षरं पुसट, जशी कुणी छापील पानाचा फोटो काढून पुन्हा छापावीत. तरी मी मन मोठं करून म्हटलं, असेल जुना साठा.

भाच्याचं मन एवढं मोठं नव्हतं. वय वर्षं अकरा. दुसऱ्या डावात तो टाइल उचलायच्या आधी पालथ्या चळतींकडे बघून म्हणाला, "मामा, ही नवीवाली आहे. कॅथेड्रल असू शकतं." तिसऱ्या डावात तो कुठल्या चळतीतून उचलायचं ते ठरवायला लागला आणि आम्हा दोघांना धू धू धुतलं.

नव्या टाइल्सची पाठ किंचित हिरवट होती. इथेच हा खेळ संपतो. सुरुवातीची टाइल सोडली (तिची पाठ मुद्दामच गडद असते, ती आधीच मांडायची असते) तर उचलायच्या ७१ आणि नव्या १८, अशा ८९ टाइल्स पालथ्या असतात. कॅथेड्रल दोनच. न बघता उचललं तर साधारण ४५त एक संधी. पाठीवरून नवी टाइल ओळखू आली की तीच संधी ९त एक. मग नशीब राहतंच कुठे?

विकणाऱ्याला कळवलं. उत्तर लगेच आलं: "वेगवेगळ्या छपाईत शेड थोडी वेगळी येतेच." पुन्हा अर्धसत्य! अस्सल टाइल्समध्येही छपाईगणिक छटा बदलते, मला माहीत होतं. म्हणून मी दहा जुन्या आणि दहा नव्या टाइल्सच्या दोन चळती शेजारी रचल्या. नवी चळत जवळजवळ दीड टाइलने बुटकी. वर कापलेल्या कडा खरबरीत आणि चार टाइल्सवर चित्र एका बाजूला सरकलेलं. फोटो पाठवले. "उघडलेला डबा परत घेत नाही," एवढं आलं आणि मग मला ब्लॉकच केलं.

कापडी पिशवी करून पाहिली, म्हणजे पाठ दिसायला नको. भाच्याने पिशवीत हात घातला, दोन बोटांत टाइल चाचपली आणि हसला. जाडीवरूनच कळत होतं.

तुम्ही जुन्या आवृत्तीचं काही घेत असाल तर एवढं करा: विकणाऱ्याला त्याच्याच टेबलावर, आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी डब्याचा फोटो काढायला सांगा. उघडलेला डबा असेल तर उलट बरंच, त्याची टाइल मूळ गेमच्या टाइलला पाठीला पाठ लावून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की सोडून द्या. मी त्या सीलबंद शब्दावर इतका भाळलो की उघडा, वापरलेला, खरा डबा समोर असता तरी नाक मुरडलं असतं.

नंतर मित्राचा डबा आणला, त्याच्याच मूळ गेमसकट. तीन संध्याकाळी खेळलो. तिघांत खानावळी मजेदार वाटल्या, पण कॅथेड्रल आलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं शहर अडवत बसायचा आणि डाव लांबायचा. बायकोने दुसऱ्याच दिवशी "आपला साधाच काढा" म्हटलं. भाच्याला विचारलं, तुला यातलं नेमकं काय हवं होतं? म्हणाला, "फक्त मोठा मीपल."

तो आमच्याकडे आहेच. नकली डब्यातला, निळा. डोक्यावरचा रंग दोन ठिकाणी उडालाय आणि एक पाय जरा आखूड आहे. साध्या गेममध्ये आम्ही तो दोघांच्या बरोबरीचा धरतो, आळीपाळीने.