पवनचक्की हवी, पण कोणत्या वाटेने?

वारा मोजायचा उंच मनोरा शेजारच्या माळावर उभा राहिला की समजावं, वर्ष-दीड वर्षात मोटारसायकलवरून कोणीतरी येणार आणि ओट्यावर टेकायच्या आधीच विचारणार, ‘काकाजी, खसरा नंबर (म्हणजे जमिनीचा गट नंबर) क्या है?’ देवास जिल्ह्यातल्या आमच्या शेतावर असा माणूस नऊ वर्षांपूर्वी आला. मामांच्या गावी, धारकडे, तसाच एकजण अलीकडे येऊन गेला. आमचा सौदा दलालामार्फत झाला. मामांच्या गावाने आधी ग्रामसभा बसवली. दोन्हीकडचे कागद माझ्याच हातून गेले, कारण सरकारी हिंदी शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आमच्या घरात मी एकटाच.

इंदुरात नोकरी-धंदा आणि गावाकडे पाच-दहा बिघे, अशी मराठी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांतल्या ज्यांना चक्की यावीशी वाटते आणि गावालाही पटवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चक्कीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हे लोक आत्ताच का फिरायला लागले, याला कारण आहे. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजात जमिनीपासून १२० मीटरवर मध्य प्रदेशची क्षमता जेमतेम १५ गिगावॅट भरते, महाराष्ट्राची ९८. तेच १५० मीटरवर मोजलं तर आपला आकडा ५५ वर जातो. खांब उंच होत गेले तसं माळव्याचं पठार कंपन्यांच्या डोळ्यांत भरलं. त्यात वाऱ्याचं गणित घनाचं: वेग सेकंदाला ६ मीटरचा ७ झाला की त्यातली शक्ती दीडपटीहून जास्त. म्हणून तुमची ती खडकाळ, काही न पिकणारी टेकडी खालच्या काळ्या रानापेक्षा त्यांना मोलाची वाटते. सौद्याला बसताना हे लक्षात असू द्या. दलाल बरोबर उलटं सांगतो.

दलालाची वाट झटपट आहे, यात शंका नाही. तो घरोघर वेगवेगळा बसतो, प्रत्येकाला वेगळा भाव सांगतो आणि उठताना म्हणतो, ‘किसी को बताना मत.’ आमच्याकडे पाच आठवड्यांत सगळं आटोपलं. वडील खूश होते; आलेल्या पैशात विहिरीचं काम झालं. भाडेपट्ट्यात दरवर्षी भाडं वाढायचं कलम नाही, हे मला तिसऱ्या वर्षी दिसलं. पण खरा दणका पावसाने दिला. खांबाला जागा फार लागत नाही, सोयाबीन पार पायथ्यापर्यंत पेरता येतं. जागा खातो तो रस्ता. क्रेन यायची म्हणून मुरूम टाकून दीड हात उंच रस्ता शेतातून आडवा नेला आणि खाली पाणी जायला एक पुलिया (मोरी) घातली नाही. काळी माती, पाण्याला उतार होता तो रस्त्याने अडवला. जुलैत वरच्या अंगाला गुडघाभर पाणी आणि आठवड्यात सोयाबीन पिवळं. कंपनीच्या माणसाने कागद काढून दाखवला: पुलियाचा उल्लेख नाही. दलालाचा फोन तोवर बंद झाला होता. पुढची पुलिया आम्ही पदरच्या पैशाने घातली. चक्की अजून मजेत फिरते, आणि मला ती अजून आवडते, ही गोष्ट वेगळी.

मामांच्या गावात हाच रस्ता ठरावात पहिल्या क्रमांकावर आला, कारण मी आमची गोष्ट तिथे जाऊन सांगितली. प्रत्येक ओघळीला पुलिया, नसेल तर काम सुरू नाही. आता कोणी विचारेल, खासगी जमिनीच्या सौद्यात ग्रामसभेच्या ठरावाला किंमत काय? शेतकरी आणि कंपनी यांच्यात तो फारसा बांधत नाही, खरं आहे. पण साठ-सत्तर मीटरची पाती घेऊन ट्रेलर पंचायतीच्याच रस्त्यावरून यायचा असतो. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पवन प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालची मंजुरी लागत नाही, त्यामुळे तिच्यातली जनसुनवाईही होत नाही. गावाला विचारायला सरकारी कायद्याने कोणी येणार नाही. गावाने आपण होऊन बसलं तरच बोलणं होतं. धारचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे नोव्हेंबर २०२२ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) नियमांनी ग्रामसभेचं वजन वाढलं आहे आणि आदिवासीच्या जमिनीच्या हस्तांतरावर १९५९ च्या भू-राजस्व संहितेचं कलम १६५ आहेच. दलाल हे कलम ‘मॅनेज हो जाएगा’ म्हणून उडवतो. तिथेच उठावं.

अंतराचंही तसंच. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजाच्या कारणाने वस्तीपासून किमान ५०० मीटर सांगितले आहेत, आणि सार्वजनिक रस्त्यापासून खांबाची उंची, अधिक पंख्याच्या व्यासाचा निम्मा, अधिक ५ मीटर. आमच्याकडे हे कोणी मोजलं नाही. मामांच्या गावात पटवाऱ्याची जरीब (मोजणीची साखळी) आणून शेवटच्या घरापासून मोजलं, मागे अर्ध्या शाळेची पोरं. एक खांब त्यामुळे ओढ्यापलीकडे सरकला.

गाव पटवायचं तर मात्र नियम कामाला येत नाहीत. पहिल्याच सभेत एक म्हातारे उठले: हे पंखे ढग उडवून लावतात, पाऊस जाईल. हसू नका, साताऱ्या-सांगलीकडेही दुष्काळात लोक हेच म्हणत होते. मी सांगून पाहिलं की पात्याचं टोक फार तर दोनशे मीटरवर जातं आणि पावसाचा ढग कित्येक किलोमीटर वर चढलेला असतो. कोणाच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. मग दोन गाड्या भरून लोकांना देवास जिल्ह्यातल्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर नेलं. तिथे चक्क्या फिरायला लागून बरीच वर्षं झाली. बायका वेगळ्या बसल्या. मामींनी तिथल्या एकीला विचारलं, ‘रात को नींद लगती है?’ ती म्हणाली, पावसाळ्यात वाऱ्यापुढे काही ऐकू येत नाही, पण थंडीत, सगळं शांत झालं की, हुप-हुप येत राहतं. आता त्याशिवाय झोप येत नाही. या एका वाक्याने जितकं काम केलं तितकं माझ्या छापील पत्रकाने केलं नाही. ती पत्रकं पुढे सभेत वडे ठेवायला कामी आली.

पक्ष्यांचा मुद्दाही टाळू नका. सरदारपूर आणि सैलाना इथे १९८३ पासून तणमोराची अभयारण्यं आहेत (आमच्याकडे खरमोर म्हणतात), आणि हा पक्षी नेमका पावसाळ्यात, म्हणजे चक्क्यांच्या ऐन हंगामात, गवतात येतो. गवताळ बीड (कुरण) असेल तर ते सोडून खांब मागा.

तिसरी वाट ऐकायला सगळ्यांत गोड: चक्की गावाचीच. तमिळनाडूतल्या कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओदंतुरै पंचायतीने २००६ मध्ये दीड कोटीच्या आसपास खर्चून, मोठा भाग कर्जाने, ३५० किलोवॅटची चक्की घेतली. गंमत अशी की ती गावात नाहीच. वारा पालघाटच्या खिंडीतून येतो म्हणून ती लांब उदुमलपेटकडे उभी केली. वीज ग्रिडमध्ये जाते, गावाच्या बिलात वळती होते आणि उरलेली विकली जाते. त्यांच्याकडे वारा परक्या जागेचा आणि मालकी गावाची. आपल्याकडे नेमकं उलट. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोर समुद्रात २० चक्क्या आहेत, त्यांतल्या निम्म्या साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या. हे सांगितल्यावर सभेत टाळ्या पडतात. हिशोब मांडल्यावर पडत नाहीत. आता चक्क्या दोन-तीन मेगावॅटच्या येतात, एकीला पंधरा-वीस कोटी लागतात, आणि तेवढं तारण कुठल्या पंचायतीकडे आहे? इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी रोख्यांतून २४४ कोटी उभे केले, ते महापालिका म्हणून. मालकीचाच हट्ट असेल तर गावाने उन्हाकडे वळावं. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर योजनेच्या पहिल्या घटकात शेतकरी, सहकारी संस्था, पंचायत अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प लावू शकतात, वीज मंडळाशी करार २५ वर्षांचा. पण मेगावॅटला चार-पाच एकर जमीन झाकली जाते आणि खाली सोयाबीन राहत नाही. पावसाळ्यात ढगांखाली पॅनल मंद होतात तेव्हा आपल्याकडचा वारा जोरात असतो, हे माझ्या मते चक्कीच्या बाजूचं सर्वांत मोठं म्हणणं आहे, आणि ते सभेत कोणी मांडत नाही.

मग निवड? घरात पैशाची तातडी असेल, जमीन टेकडीवर एकटी असेल आणि रस्ता दुसऱ्या कोणाच्या शेतातून जाणार नसेल, तर दलालाशी बोला. फक्त विकू नका, भाडेपट्टा करा, रजिस्ट्री करून घ्या आणि वाढीचं कलम घाला. इतर कोणालाही मी ग्रामसभेचीच वाट सांगेन. ती सुखाची नाही. मामांच्या गावाला चौदा महिने लागले, सरपंचाच्या विरोधी गटाने दोनदा सभा मोडली, दोघांनी मध्येच गुपचूप जमीन विकली. कंपनी कंटाळून शेजारच्या गावी जाईल अशी भीती सगळ्यांना होती. गेली नाही, कारण शेजारच्या गावाकडे ती टेकडी नव्हती.

एक कलम मात्र दोन्हीकडे राहिलंच होतं: वीस-पंचवीस वर्षांनी चक्की थकली की खांब उतरवायचा कोणी आणि पायातलं काँक्रीट काढायचं कोणी. मामांच्या गावात ते आता २ ऑक्टोबरच्या सभेत येईल. सोयाबीनची कापणी ऐन भरात असते तेव्हा, म्हणून सभा रात्री आठला ठेवायला सांगितलंय. दुपारी ठेवली तर फक्त दलाल येतात.