‘पासे’ नीट समजून घ्यायचं असेल तर ‘त्रेझोर’

फ्रेंचमध्ये ‘जे पासे अँ-नेग्झामँ’ म्हणजे मी परीक्षेला बसलो. पास झालो, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी ‘रेयुसीर’ हे वेगळं क्रियापद आहे. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या तयारीत मराठी विद्यार्थी इथे हमखास अडकतात, कारण आपल्या तोंडी ‘पास’ आधीच बसलेला असतो. छोट्या शब्दकोशात ‘पासे’ या क्रियापदाचे अर्थ नुसते ओळीने दिलेले असतात, त्यामुळे गुंता सुटत नाही. त्यासाठी ‘त्रेझोर द ला लाँग फ्राँसेझ’ उघडावा. १९७१ ते १९९४ दरम्यान निघालेल्या १६ खंडांचा हा कोश इंटरनेटवर मोफत आहे.

‘पासे’ची नोंद भलतीच लांब आहे, सरळ वाचायला घेतली तर दमछाक होते. पानावर मजकूर रंगवायची सोय आहे, ती आधी वापरा: व्याख्यांना एक रंग, वाक्यरचनांना दुसरा. मग क्रियापदाच्या पुढे-मागे काय येतं, त्यावर अर्थ कसा फिरतो ते दिसायला लागतं. ‘स पासे’ म्हणजे घडणं. त्यालाच ‘द’ जोडला की एखाद्या गोष्टीवाचून भागवणं. ‘पासे पूर’ म्हणजे अमुक समजलं जाणं. ‘पास-म्वा ल सेल’ म्हणजे मीठ दे जरा इकडे. सूप गाळणं हेही ‘पासे’च, म्हणून गाळणीला ‘पास्वार’.

खरी कसोटी भूतकाळात लागते. कर्म असेल तर ‘आव्वार’ हे सहायक क्रियापद: ‘जे पासे ल सेल’, मी मीठ दिलं. नुसतं जाऊन आलो असेल तर ‘एत्र’ हे सहायक क्रियापद: ‘ज स्वी पासे आ ला बाँक’, मी बँकेत जाऊन आलो. बोलणारी स्त्री असेल तर ‘एत्र’सोबत लिहिताना शेवटी आणखी एक ‘ई’ अक्षर लागतं. उच्चार तोच राहतो, म्हणून चूक कानाला कळत नाही आणि गुण जातात.

कोशाची उणीव त्याच्या काळात आहे. त्याने १७८९ ते १९६० ची भाषा घेतली आहे आणि उदाहरणं बहुतेक साहित्यातली. जुन्या लेखकांकडे ‘एत्र’च्या जागीही ‘आव्वार’ सापडतो. तो परीक्षेत उतरवू नका. ‘व्येयी’ असा शेरा दिसला की तो वापर जुना झाला असं समजा. दुकानात कार्ड चालेना की ‘ला कार्त न पास पा’ म्हणतात. अशा रोजच्या बोलीसाठी शेजारी लारूस हा ऑनलाइन शब्दकोश उघडा ठेवावा.