एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आईने आत थांबायचं की फक्त भेटीच्या वेळेत जायचं?

चुलतभावाचं बाळ ३२व्या आठवड्यातच आलं, आता आईला आत थांबू देणारं आणि फक्त भेटीच्या वेळेत सोडणारं, या दोन हॉस्पिटलांत भावाचं ठरत नाहीये. मी एनआयसीयूतच नर्स आहे म्हणून सांगते.

इन्फेक्शनला सगळे घाबरतात, पण कोपरापर्यंत हात धुऊन आत आलेली आई काही धोका नसते, धोका न धुतलेल्या हातांचा, मग ते आमचे का असेनात.

दूध आणि वजन यात आत थांबणंच भारी. बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून दुपट्टा, थोड्या वेळात श्वास संथ होतो, मी रोज बघते. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये ही कांगारू केअर, म्हणजे बाळाला असं उघड्या छातीवर धरणं, दिवसाला ८ ते २४ तास द्या असं सांगितलंय, भेटीच्या तासाभरात ते कसं जमणार?

आमचं काम सुरुवातीला वाढतं, मॉनिटर वाजला की आई घाबरते, समजवावं लागतं, आणि एका नर्सकडे खूप बाळं असली की शिकवायला वेळच मिळत नाही. पण आठवडाभरात तीच वाटी-चमच्याने दूध पाजते.

सिझेरियनचे टाके ओले असतील, घरी दुसरं लहान मूल असेल, तर भेटीची वेळ चालेल, दूध काढून पाठवा. बाकी अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईला आत घेणारंच हॉस्पिटल बघा, आणि बाबांनाही छातीवर घेऊ देतात का ते विचारा.