तीर्थनच्या ओढ्यांवर कोणती काठी न्यावी: रीळवाली की तेनकारा?

हिमाचलमधील तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउटसाठी पहिल्यांदाच फ्लाय फिशिंग करणाऱ्याने मुख्य नदीवर उभे राहायचे की गुशैणी गावापाशी तिला मिळणाऱ्या फलाचनसारख्या अरुंद, खडकाळ प्रवाहात शिरायचे, हे आधी ठरवावे. काठीची निवड त्यावरच अवलंबून आहे.

नेहमीच्या रीळवाल्या फ्लाय रॉडमध्ये फेकीचे वजन माशीत, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषात, नसून जाड दोरीत असते आणि ती दोरी मागे हवेत पूर्ण उलगडली तरच पुढची फेक साधते. काठावर झाडी दाटलेली असताना मागे एवढी मोकळीक क्वचितच मिळते. दोरी मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे लोटणाऱ्या रोल कास्टने निभावता येते, पण तो हातात बसायला वेळ लागतो. खरी अडचण मात्र पाण्यावर येते. खडकाआडच्या संथ पाण्यात माशी अलगद उतरली, तरी मधल्या वेगवान धारेवर पडलेली दोरी क्षणात ताणली जाते, माशी पाण्यावर रेघ काढत घसरू लागते आणि ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

तेनकारा ही जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची पद्धत आहे. साधारण साडेतीन मीटर लांबीची, एकात एक सरकून मिटणारी काठी आणि तिच्या टोकाला बांधलेली हलकी दोरी, एवढाच तिचा सरंजाम, रीळ नाहीच. बांबूच्या काठीला दोर बांधून खाडीत गरवणाऱ्या कोकणी माणसाला ही रचना परकी वाटणार नाही. काठी उंच धरली की दोरी धारेच्या वर अधांतरी राहते, पाण्याला जवळजवळ माशीच टेकते आणि ती खऱ्या किड्यासारखी वाहत जाते. मिटलेली काठी पाठपिशवीत मावते, हेही चढणीच्या वाटेवर मोलाचे आहे.

तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत. सात-आठ मीटरपलीकडे तिची पोच नाही, वाऱ्यात हलकी दोरी भरकटते आणि मोठा मासा प्रवाहाबरोबर पळाला तर सोडायला जास्तीची दोरी नसल्याने त्याच्यामागे निसरड्या दगडांवरून जावे लागते. मुख्य तीर्थनच्या रुंद डोहांवर म्हणूनच मी रीळवाली, सात-साडेसात फुटी, तीन वजनाची (म्हणजे हलक्या, तीन क्रमांकाच्या दोरीसाठीची) काठी सुचवेन. लहान ओढ्यासाठी मात्र माझे मत निःसंशय तेनकाराच्या बाजूने आहे.

काठी कोणतीही असो, मत्स्य विभागाचा परवाना लागतोच. ब्राउन ट्राउटच्या विणीमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ होते; त्यामुळे बेत मार्च ते जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळातच आखावा.