ओरखडासुद्धा जुळला, तरी रुपया खोटाच

पोर्तुगीज अमदानीतला चांदीचा रुपया व्हॉट्सॲपवर फोटो बघून घेणार असाल, तर जरा थांबा. साडेचार हजार रुपये घालवून जे कळलं ते इथे लिहितोय.

मला हवा होता दों लुईश राजाचा १८८२ सालचा रुपया. आमच्या गोव्यात डिचोलीकडे जुन्या घरांत हे रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून दिसतात, पण विकायला कोणी काढत नाही. म्हणून नाण्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. लगेच एकाचा मेसेज आला. मडगाव बाजूचा आहे म्हणाला. एकामागून एक फोटो पाठवले, सगळे यूएसबी मायक्रोस्कोपखाली काढलेले: राजाचे केस, मुकुटाचे मणी, साल. सालातल्या दुसऱ्या ८ च्या खालच्या वाटोळ्यातून एक तिरका ओरखडा गेला होता. तो त्याने मुद्दाम मोठा करून दाखवला. ‘भाऊ, मी काय लपवत नाही. माल घरी आला की हा ओरखडा जुळवून बघा, नाही जुळला तर पैसे परत.’ वर हेही सांगितलं, की हणजुण्याला फॉरेनर याचे तिप्पट देतात. (शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. फॉरेनरचं नाव काढणारा विक्रेता तिथेच ओळखावा.)

यूपीआयने पैसे गेले, कुरिअरने रुपया आला. भिंगाखाली धरला. ओरखडा होता. त्याच ८ मध्ये, त्याच कोनात.

शंका आली ती आमच्या ओळखीच्या शेटना. त्यांनी तो काट्यावर ठेवला आणि मान हलवली, ‘वजन भरत नाही हो याचं.’ १८८२ चा रुपया इंग्रजी रुपयाच्याच मापाचा, ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, चांदी ९१.७ टक्के. माझा भरला ९.७. हातोहात फिरून नाणं झिजतं हे खरं, पण दोन ग्रॅम झिजलेल्या नाण्यावर राजाचे केस मोजता येत नाहीत.

मग घरचा मायक्रोस्कोप काढला. दीड हजाराच्या आतला, खोक्यावर ‘१६००एक्स’ छापलेला. तो आकडा डोळे झाकून सोडून द्या. या किमतीत आत वेबकॅमसारखाच छोटा सेन्सर असतो आणि चित्राचा मोठेपणा बराचसा स्क्रीनच्या आकाराने येतो. जवळ नेला तर ३० मिलिमीटरचा अख्खा रुपया चौकटीत मावतच नाही, आणि स्टँड इतका डुगडुगतो की बटण दाबलं की फोटो हलतो. फोटो कॉम्प्युटरवरून क्लिक करा, उपकरणाला हात लावू नका. पण नाण्याच्या पृष्ठभागाची झडती घ्यायला हे खेळणं पुरतं, हेही तितकंच खरं.

खरी गोम उजेडात आहे. लेन्सभोवती एलईडी दिव्यांचं कडं असतं. ते पूर्ण पेटवलं की उजेड समोरून सपाट पडतो, चांदीवर पांढरे ठिपके चमकतात आणि बारीक खड्डे धुऊन निघतात. त्या गृहस्थाचे सगळे फोटो असेच होते. मी कडं बंद केलं आणि टेबललँप जवळजवळ आडवा करून एका बाजूने उजेड टाकला. चित्रच पालटलं. राजाच्या मानेमागची मोकळी जागा, जी खऱ्या, म्हणजे ठशाने ठोकलेल्या नाण्यात गुळगुळीत असायला हवी, ती रव्यासारखी दाणेदार दिसली. मध्येच टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि एका अक्षराच्या पायथ्याशी धातूचा उठलेला बारीक थेंब. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की ओतलेला धातू तिथे भरतो, त्याचा हा थेंब. ठशाने ठोकलेल्या अक्षराची कड नाण्याच्या सपाट जमिनीला भिडते तिथे ठसठशीत कोन असतो. इथे तो वितळल्यासारखा गोल होता.

आता तो ओरखडा. खऱ्या धातूवर काही घासलं की चर पडते आणि बाजूला धातू सरकून धारदार कड उठते. माझ्या नाण्यातल्या चरीला कडच नव्हती, तळही गुळगुळीत. म्हणजे हा ओरखडा कोणी ओढलेला नव्हता, साच्यातून आलेला होता. खऱ्या, ओरखडा असलेल्या रुपयाचा साचा काढला, त्यात हलका धातू ओतला, वर चांदीचा मुलामा दिला. फोटो मात्र मूळ रुपयाचे. ‘जुळवून बघा’ असं तो छातीठोक का म्हणत होता ते तेव्हा कळलं. प्रत्येक ओतीव रुपया जुळणारच.

खात्री पटली ती फोंड्याच्या एका मास्तरांमुळे. त्यांनीही त्याच नंबरवरून रुपया घेतला होता. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढले: ओरखडा एकाच जागी, एकाच लांबीचा. अपघाताने पडलेली खूण दोन नाण्यांवर सारखी पडत नाही. मग कडा पाहिल्या. कडेवरच्या खाचांना आडवे जाणारे कानशीचे ओरखडे, दोन्हींवर. साच्याचे दोन अर्धे भाग जुळतात तिथली शिवण घासून काढलेली.

फोन केला तर उत्तर तयार, ‘नाणं तुम्हीच बदललंत.’ पार्सल उघडतानाचा व्हिडिओ माझ्याकडे नव्हता, मास्तरांकडेही नाही. नंतर नंबर बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार दिली आहे, क्रमांक मिळाला आहे, पैसे नाहीत.

आता कोणी मायक्रोस्कोपचे फोटो पाठवले तर मी तीनच गोष्टी मागतो: काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा, आकडा दिसेल असा व्हिडिओ, बाजूने उजेड टाकून काढलेला अख्ख्या नाण्याचा फोटो, आणि सगळीकडून कड. गेल्या महिन्यात एकाने मला ‘किरकोळ गिऱ्हाईक’ म्हणून ब्लॉक केलं.

ते फोटो अजून फिरताहेत, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर, भावही वाढवलाय. १८८२ मधला दुसरा ८, खालचं वाटोळं, डावीकडून वर उजवीकडे जाणारा ओरखडा. दिसला तर फोटो आणि नंबर जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा.