ल्हासा, शिह त्झूसाठी प्रवासाचा पिंजरा : खान्देशच्या उन्हात कोणता चालतो

जळगाव-धुळ्याकडे ल्हासा अप्सो किंवा शिह त्झू जातीचा छोटा कुत्रा न्यायला तीन प्रकार मिळतात: पारदर्शक घुमटाची पाठीवरची बॅग, जाळीची कापडी बॅग आणि लोखंडी जाळीच्या दाराचा कडक प्लास्टिकचा पिंजरा.

घुमटाची बॅग घेऊच नका. कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून, आणि त्यासाठी हवा खेळती लागते. घुमटातून ऊन आत शिरतं, चार भोकांतून गरम हवा बाहेर पडत नाही. शिह त्झूचं नाक आधीच चपटं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ही बॅग म्हणजे भट्टी. गोड दिसते म्हणून खपते, याचं खरंच वाईट वाटतं. कापडी बॅग डॉक्टरांकडे जाऊन येण्यापुरती ठीक. तळ झोळीसारखा खाली येतो आणि हुशार ल्हासा नाकाने चेन उघडतो.

लांबच्या प्रवासाला कडक पिंजराच. पण माप घेऊन. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा, त्यात १० सेंमी मिळवा. उभ्या कुत्र्याचं डोकं छताला लागता कामा नये आणि त्याला आत वळता आलं पाहिजे. दुकानदार बहुतेक वेळा ४८ सेंमीचा पुढे करतात, तो मांजराचा. ६-७ किलोच्या ल्हासाला ६० सेंमीच्या आसपासचा लागतो. चारही बाजूंना झरोके असलेलाच घ्या. काहींना मागची बाजू बंद असते, आणि गाडीत तीच नेमकी एसीकडे येते.

खोट एकच, पण मोठी. वरचा-खालचा भाग प्लास्टिकच्या खटक्यांनी जोडलेला असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर खटके सैल होतात, वरचा भाग किंचित उचलला जातो, दाराची दांडी खाचेतून निसटते आणि दार एका कोपऱ्यातून उघडं पडतं. उपाय स्वस्त आहे: चारही कोपऱ्यांच्या भोकांत नायलॉनचे केबल टाय (वायरी बांधायच्या पट्ट्या) ओढून आवळा, जादा टोकं कापा, म्हणजे ती केसांत अडकत नाहीत.

तळ गुळगुळीत असतो, ब्रेक लागला की कुत्रा घसरतो. जुन्या सुती साडीची घडी घाला. नळीची पाण्याची बाटली टाळा. ठिबकून दाढी ओली राहते, वास येतो, कातडीला बुरशी धरते. दाराला अडकवायची वाटी एकतृतीयांश भरा. अर्धा लिटरची गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, नको वाटलं तर त्याला सरकता येतं. पिंजऱ्यावर ओलं फडकं मात्र टाकू नका. आत दमटपणा वाढला की धापा टाकूनही अंग थंड होत नाही.

कारमध्ये पिंजरा पुढच्या सीटमागे खाली ठेवून सीट मागे सरकवा, हलणार नाही. तिथे हवा पोचते का, हात घालून बघा. तोरणमाळला जायचं तर पहाटे ४ ला निघावं. दर दोन तासांनी थांबा, पण डांबरावर उतरवण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. सोसत नसेल तर पंजेही भाजतील. ढाब्यावर शेवभाजीचा रस्सा किंवा भरीत देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक. बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.

रेल्वेत पिंजरा आहे म्हणून स्लीपर वा थ्री-एसीत कुत्रा नेता येत नाही. फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन (दोन किंवा चार बर्थची बंद खोली) आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. या उष्ण भागात उन्हाळ्यात ती पेटी नकोच.

या कुत्र्याचं नाव जिथून आलं ते तिबेटमधलं ल्हासा शहर सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या थंडीसाठीचे दुहेरी थरांचे केस तापीकाठी जड वाटतात, म्हणून लोक सरसकट भादरून टाकतात. तसं करू नका, कातडी उन्हाने भाजते. इंचभर ठेवा. काखेतल्या आणि कानामागच्या केसांच्या गाठी प्रवासाला निघण्याआधी सोडवा, नाहीतर तीन तास पडून राहिल्यावर त्या घट्ट होतात.

जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती दिसली की पोट, काखा, पंजे थंड पाण्याने भिजवा, वारा घाला, मग डॉक्टर गाठा.

परत आल्यावर पिंजरा साबणाने धुऊन सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि पहिल्यांदा तडकतात त्या दाराच्या खाचाच.