पी०१७१ आला: सेन्सर बदलायचा की आधी डेटा बघायचा?

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसला. म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. इथून दोन वाटा फुटतात.

एक, थेट ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला. काम झटपट, डोक्याला ताप नाही. पण मिश्रण पातळ आहे हे त्या सेन्सरनेच तर कळवलं! निरोप आणणाऱ्यालाच घरी पाठवल्यासारखं झालं. कोड पुसल्यावर दिवा विझतो, काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा हजर.

दुसरी वाट, पाना हातात न घेता स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे मिश्रण जुळवायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (बऱ्याच काळाची) ट्रिम मिळून साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. समजा आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) +२५ दिसतंय आणि २५०० आरपीएमला ५वर उतरतंय, तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा शिरतेय. एखादा तडकलेला व्हॅक्यूम पाइप बहुधा. कान दिलात तर बारीक सुस्कारा ऐकूही येतो. उलट आयडलला ठीक आणि लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडल्यावर, आकडा चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाहीये: फिल्टर, पंप किंवा हवा कमी मोजणारा मळका मास एअरफ्लो सेन्सर.

नुसता कोड वाचणाऱ्या स्वस्त रीडरवर हे आकडे दिसतीलच असं नाही, ही खरी अडचण. तरी मी दुसऱ्याच वाटेने जातो. अपवाद एकच: ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज हलतच नसेल आणि वायरिंग तपासून झालं असेल, तर बदला खुशाल सेन्सर.